बुटांना मुभा, वाघ्याला मनाई

मी, धोंडू महादू सकपाळ, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी उत्तीर्ण, शेतकरी, राहणार कुडपण, सत्य तेच लिहितो.

गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत, म्हणून महाडला मुलाजवळ राहण्यास मी राजी झालो होतो. आज सकाळी तो मला व सुनेला नवा फ्लॅट दाखवण्यास घेऊन गेला. सोबत माझा कुत्रा वाघ्या होता.

मी दाराबाहेर वहाणा काढल्या. वाघ्या त्यांच्याजवळ बसला. घराचा उंबरा तो कधीच ओलांडत नाही.

फ्लॅट दाखवणारा तरुण मात्र चिखलाच्या बुटांनी थेट देवघराच्या कोनाड्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "काका, सोसायटीत कुत्रा चालणार नाय. घाण करतो."

"मग फरशीवरची ही पावले कोणाची?" मी विचारले.

तो हसला. "अहो, घर अजून रिकामं हाय!"

मुलगा हळूच म्हणाला, "आबा, वाघ्याला गावीच ठेवू या ना."

"मग मलाही तिथेच ठेव," असे सांगून मी वहाणा घातल्या.

मंडळी, ज्याला उंबरा कळतो त्याने बाहेर राहावे आणि ज्याला कळत नाही त्याने नियम सांगावेत, हा कोणता न्याय?

समक्ष हजर: मुलगा सुभाष, सून सुनीता, आणि वाघ्या, जो अखेरपर्यंत उंबऱ्याबाहेरच होता.