लछमनचं दाभण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वसंताला तर नाहीच, आणि नागपूरच्या हॉस्टेलात जिच्याशी मी सगळं बोलायची तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे. पण कुठून सुरू करू?

फुटबॉलपासून करते. बाबांनी तो माझ्या धाकट्या भावासाठी, वसंतासाठी आणला. देऊळगाव राजात तेव्हा तसला चेंडू कुणाकडेच नव्हता — चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंडाला बुटासारखी नाडी. पण खेळायचं कुठे? सपाट जागा एकच, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगसमोरची. आणि जिनिंगच्या शेडांत राहायची सिंधी कुटुंबं. फाळणीनंतर आलेली. मधे कितीतरी वर्षं गेली, महाराष्ट्र झाला, तरी गाव त्या जागेला कॅम्प म्हणायचं आणि त्यांना निर्वासित. लछमन तर इथंच जन्मला होता. तोही निर्वासित!

मैदान त्यांचं, चेंडू आमचा — एवढ्यावर खेळ सुरू झाला. मी सुट्टीत घरी आले की संध्याकाळी माळवदावरून बघायची. "अबे लछमन, धर नं बे!" हे तिथपर्यंत ऐकू यायचं. मला बघत राहायला आवडतं. बघणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. लछमन गोलात उभा राहायचा. त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान, म्हणून चेंडूची सगळी उस्तवार त्याच्याकडे — हवा भरायची आणि पोती शिवायच्या जाड सुईनं, दाभणानं, नाडी ओवायची.

खेळ संपला की त्याची आई सगळ्यांना पाणी द्यायची, आणि पाण्यासोबत एकेक भाजलेला पापड. आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, ही त्यांची रीत. सुरुवातीला आमची पोरं "तहान नाही लागली" म्हणून घरी पळायची. मग एकदा वसंतानं पापड घेतला. मग सगळ्यांनीच. आईला त्याच्या शर्टावर चुरा दिसायचा. ती झटकायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा तिकडे जाऊ द्यायची. आमच्या घरात हे केवढं होतं, कसं सांगू?

मी हे उगाच लांबवते आहे. मला कळतं आहे.

त्या उन्हाळ्यात जालन्याची पोरं एसटीनं खेळायला येणार होती. त्यांच्यासमोर आपला संघ एकच — गाव आणि कॅम्प मिळून. आदल्या दिवशी लछमन हवा भरून, नाडी आवळून चेंडू आमच्याकडे देऊन गेला. दुपारी घर झोपलेलं. चेंडू ओसरीवर. मी कॉलेजात जाणारी मुलगी — कधी त्याला पाय लावला नव्हता. परसात नेला. साडी खोचली. मारला.

तो उडाला! मी हसले, मोठ्यानं, एकटीच. चेंडू बाभळीच्या कुंपणात जाऊन पडला. काढला तेव्हा शिवणीत काटा होता. काटा ओढला, पलीकडे टाकला, आणि चेंडू होता तिथे ठेवून दिला. त्याआधी कान लावला होता मी. बारीक आवाज येत होता — हवेचा. मी तो ऐकला होता. एवढंच वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

सकाळी चेंडू चपटा. पोरं अंगणात जमली. ब्लॅडर पाण्यात धरलं, एका भोकातून बुडबुडे.

"हे तं दाभणाचंच काम हाय," कुणीतरी म्हणालं. "त्याले गोलात राहाचं नव्हतं. फॉरवर्ड पाह्यजे होतं."

लछमन धावत जाऊन ठिगळ आणि सोल्युशन घेऊन आला. "आत्ता लावून देतो बे, काऊन ओरडता?"

"आधी फोडतो, मंग ठिगळ लावतो! निर्वासित तो निर्वासितच!"

वसंताला ते पटत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो माझ्याकडे वळला. "ताई, तू घरीच होती नं? लछमन देऊन गेल्यावर कोणी हात लावला का चेंडूले?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

बाबा माझं नागपूर बंद करतील, ही भीती होती का? नंतर मी स्वतःला तसं सांगितलं. पण त्या क्षणी नागपूर मनातही नव्हतं. त्या पोरांनी माझ्याकडे बघणं थांबवावं, एवढंच मला हवं होतं — आणि त्यांनी थांबवलं. ते लछमनकडे बघायला लागले.

त्यानं ठिगळ खिशात घातलं, दाभण वसंताच्या पायाशी ठेवलं आणि तो गेला. सामना झाला — जालन्याच्या चेंडूनं, कॅम्पचं एकही पोर नसताना. त्यानंतर आमच्यातलं कुणी जिनिंगकडे फिरकलं नाही.

चार-आठ दिवसांनी लछमनची आई आमच्या दारात उभी. हातात कागदात गुंडाळलेलं नवं ब्लॅडर. "लछमन म्हणतो, मी नाही फोडला, बेटी," ती म्हणाली. "मी तर मानते त्याचं. पण खेल बंद नको व्हायला. हे वसंताला दे."

घरात मी एकटी होते. सांगायला याहून सोपी वेळ कोणती? मी ब्लॅडर घेतलं. "थांबा," म्हणाले आणि आत गेले. फडताळात पापडांचा डबा समोरच होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग पेला भरला आणि बाहेर आले.

तिनं पेल्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. उभ्यानंच पाणी प्यायली, पेला उंबऱ्यावर ठेवला आणि उन्हात निघून गेली.

मी पेला विसळला आणि होता तिथे ठेवून दिला.