उजव्या कुशीवर

मावशी एकोणीस वर्षं एकच काम करत होत्या: अंथरुणाला खिळलेल्या बायकांची दर दोन तासांनी कूस बदलायची. "माझ्या खोलीत कुणाच्या अंगाला जखम दाखवा, आजच नोकरी सोडते," असं त्या नव्या डॉक्टरांनाही ऐकवायच्या.

यंदा मोठ्या देणगीदारानं हात आखडता घेतला. दोन महिन्यांत पैसे उभे राहिले नाहीत तर हे वृद्ध बायकांचं घर बंद, आणि नऊ जणी वाऱ्यावर. घर चालवणाऱ्या मॅडमनी मला बोलावलं; देणग्या जमवणं माझं काम. मी सुचवलं, सकाळी दहा ते चार खोलीतून थेट प्रक्षेपण करू. लोक घरबसल्या बघतील, फोनवरून पैसे पाठवतील, पडद्यावर आकडा चढत राहील.

कॅमेऱ्यासमोर, उजव्या कुशीवर, खिडकीजवळच्या आजी. त्यांना बोलता येत नव्हतं, पण मावशी दिसल्या की त्या तोंडभर हसायच्या.

"आज नटायचं बरं का, म्हातारे," वेणी घालताना मावशी म्हणाल्या. "रोज मला फुकट हसून दाखवतेस, आज पैसे मिळणारेत."

बारा वाजता मावशींनी आजींना डाव्या कुशीवर वळवलं. चेहरा भिंतीकडे गेला आणि आकडा थांबला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "मावशी, चेहरा दिसायला हवा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आकड्याकडे. आजींना परत उजवीकडे वळवलं. दोन वाजता मावशी जागच्या हलल्याच नाहीत.

चारपर्यंत वर्षाची सोय झाली. टाळ्या वाजल्या. मावशींनी चादर सरकवली. आजींच्या खुब्यावर लाल डाग होता. बोटानं दाबला, तरी लालच राहिला.

आठवड्याभरात कातडी फुटली, मग ताप चढला. बाविसाव्या दिवशी आजी गेल्या.

आजी कशा आहेत, असे देणगीदारांचे निरोप येतच होते. मॅडमच्या सांगण्यावरून मी उत्तर लिहायला बसलो.

"काय रे लिहितोस?" मावशींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं: वार्धक्यामुळे निधन. मावशींनी शेवटपर्यंत पोटच्या पोरीसारखी सेवा केली.

"म्हातारपणानं कातडी फाटते होय?"

"खरं कळलं तर लोक पैसे परत मागतील, मावशी. आठ जणी आहेत अजून."

मावशींनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"वार्धक्य राहू दे," त्या म्हणाल्या. "माझी ओळ काढ."

मी काढली.