डॉक्टरच्या आवाजातला फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, दोस्तांना न्हाई. आणि आता सांगायला बसलो तरी बघा — आवाज बदलूनच सांगावं वाटून राहिलं. सवय हाय ना. बिलोलीत मला सगळे नकल्या म्हणतात. कंडक्टर, पुढारी, शाळेतले हेडसर, कुणाचाबी आवाज काढतो. लोक लोळतात. लोकांचं काय? कुणाची तरी टर उडलेली पाहिजे त्यांना. स्वतःची सोडून.

अण्णा म्हंजे माझे थोरले चुलते. गणिताचे मास्तर, रिटायर झालेले. दारूचा थेंब न्हाई, तरी लिव्हर गेलं आणि पोटात पाणी भरायला लागलं. काय ते पोट! हातापायाच्या काड्या आणि पुढं ही टरटरलेली घागर. गावानं ठरवूनच टाकलं — मास्तर चोरून पीत असणार. मी शर्टात उशी कोंबून त्यांच्यावाणी चालून दाखवायचो. दया आली का? छे. किळस यायची. सरळ सांगतो, किळस.

नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — मीठ बंद, लघवीच्या गोळ्या रोज, सकाळी उठल्याबरोबर वजन, आणि पोट ताणलं की न चुकता आणायचं, सुईनं पाणी काढायचं. अण्णा लोणच्यासाठी लेकरावाणी रुसायचे. शेवटी मोठीआईनंच, म्हंजे त्यांच्या बायकोनं, मला गाठलं. "माझं न्हाई ऐकत रे बाबा ते. तू डॉक्टरवाणी बोल की जरा फोनवर."

बोललो. डॉक्टर नाकात बोलायचे, दर वाक्याला 'बरं का मास्तर'. "लोणचं बंद म्हंजे बंद, बरं का मास्तर." आणि अण्णा फोन कानाला लावून उभेच राहिले म्हणं — "हो साहेब, हो साहेब." मोठीआई तोंडात पदर कोंबून हसली. मला लई माज चढला. जल्मभर पोरांना उभं करणारा मास्तर माझ्या आवाजावर उभा!

अण्णांचा पोरगा पुण्यात. नांदेडला न्यायचं काम माझ्याकडं. त्या खेपेला पोट टम्म झालेलं, वजन रोज वाढून राहिलं होतं, आणि नेमका लातुरात माझा कार्यक्रम — कॉलेजचं गॅदरिंग, स्टेज, माईक. 'अण्णा, मला जमत न्हाई, दुसरं कुणी बघा' — एवढंच म्हणायचं होतं. म्हणलो का? कशाला म्हणतोय. फोन लावला. त्यांचा बटनाचा फोन, त्यावरचा बारीक नंबर त्यांच्या डोळ्यांना दिसायचा न्हाई.

"पुढच्या आठवड्यात आलात तरी चालतंय, बरं का मास्तर."

"साहेब, दम लागून राहिला हो."

"डोक्याखाली उशा वाढवा."

उशा! डॉक्टरकी बी करून घेतली मी.

लातुरात टाळ्या पडल्या. पोटाची नक्कल बी केली तिथं. परत आलो तर अण्णा तापानं फणफणलेले, मोठीआईला ओळखंनात. तसंच गाडीत घालून नांदेडला नेलं. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. वाचले — त्या खेपेला वाचले.

पण मला सांगायचंय ते हे न्हाई. हे तर काहीच न्हाई.

शुद्धीवर आल्यावर अण्णा म्हणले, "साहेबांनीच फोन करून उशिरा या म्हणलं." पोरगा पुण्याहून आला होता, तो डॉक्टरवर धावून गेला. डॉक्टर म्हणले, "मी फोन केलाच नाही. या आजारात डोक्यावर परिणाम होतो. भास होतात पेशंटला." अण्णा उठून बसायला लागले. "भास न्हाई! या कानांनी ऐकलंय मी." मोठीआईनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तिला कळलं असंल का? आणि मी काय केलं? कॉटवर बसलो, अण्णांचा हात थोपटला — "होतं असं अण्णा, आजारात."

मग घरभर तेच. अण्णांचं काही खरं न्हाई. अण्णा बोलले की सगळे एकमेकांकडं बघणार. येणारं-जाणारं विचारायचं, "मास्तर, आज वार कोणता?" कुणी भुरटं म्हणायचं, "सतराचा पाढा म्हणा बघू." ते म्हणायचे हो, न चुकता, सतरा दाहे एकशे सत्तर. तरी हे हसायचे. ज्यांना बाराचा येत न्हाई, ते. आणि मी बी त्यांच्यातच बसून.

एकदा पाणी काढून परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. अण्णा खिडकीकडं बघत म्हणले, "तू तरी खरं सांग रे. माझं डोकं गेलंय का?"

आम्ही दोघंच. तिसरं कुणी न्हाई.

मी म्हणलो, "थोडं."

"बरं," म्हणले.

त्यानंतर ते कशावरच अडून बसले न्हाईत. शेवटी-शेवटी तर, आपण जेवलो का न्हाई, हे बी मोठीआईला विचारायचे — नुकतंच जेवून, सगळं ध्यानात असताना. माझ्या शब्दावर.