ओले पंचे

मी एकदा माझ्या पोराला सुरतेच्या मैदानावर डाळीच्या फुणक्यांसारखं वाफवलं होतं. नंदुरबार विरुद्ध सुरत, मे महिन्यातला फुटबॉलचा सामना. आमच्या चव्वेचाळीस अंशांपुढं यांचे छत्तीस म्हणजे सावलीच, अशा तोऱ्यात मी बसलेले. मध्यंतरात पोरगा लालबुंद होऊन आला, तर घरच्या रिवाजाप्रमाणे डोक्याखांद्यांवर ओले पंचे लपेटले. गार होण्याऐवजी तो डोळे फिरवून आडवा झाला. मी आणखी पंचे भिजवले. शहाणीच ना मी!

तेवढ्यात मैदान झाडणारी बाई खराटा टाकून धावली. तिनं पंचे ओढून फेकले, सदरा काढला आणि पुठ्ठ्यानं असा वारा घातला की तिचं मनगट दिसेना. पोरानं डोळे उघडले, पाणी मागितलं. मी थक्क होऊन तिचे हात बघत राहिले. नाव विचारायचंही सुचलं नाही.

"आमच्याकडे तर पंच्यानं गार वाटतं," एवढंच पुटपुटले.

बाई आमच्याच नंदुरबारजवळच्या रनाळ्याकडची निघाली. हसून म्हणाली, "आपलं ऊन तहानेल शे माय, घाम पी टाकस. आठलं सुरतनं ऊन समुद्र पीसन बठेल शे, तुन्हा पोऱ्याना घाम कसाले पिई?"