मुदत झाकू नये

पोटात गोष्ट ठेवण्याच्या बाबतीत माझ्या साडूंच्या तोडीचा माणूस साऱ्या कृष्णाकाठी नाही, आणि गेली तीस वर्षं मी या माणसाचा मनापासून हेवा करत आलो आहे. ते फौजेतून सुभेदार होऊन मलकापूरला परतले, मी मास्तर म्हणून सांगलीत निवृत्त झालो. सासुरवाडीच्या पंगतीत त्यांना भात आग्रह करकरून वाढतात आणि मला, हवा असेल तर मागून घ्या, म्हणतात. त्यात त्यांच्याकडे बारा बोअरची दुनळी बंदूक. उसात रानडुकरं शिरली की अख्खी आळी त्यांच्या दारात. एकदा पंगतीत हे कौतुक असह्य होऊन मी बोलून गेलो, "परवाना माझ्याकडेही आहे म्हटलं." वडिलांच्या मागे त्यांची गंजकी बंदूक मी ठाण्यात जमा केली होती, पण परवाना खरोखरच माझ्या नावावर झाला होता. त्याची मुदत संपून दोन वर्षं झाली होती, एवढं मात्र मी बोललो नाही. त्या दिवशी मला भाताचा आग्रह झाला.

साडूंचा गुप्तपणा सांगावा तेवढा थोडा. एस्टीत कंडक्टरला उतरायचं गाव ते कानात सांगतात. घरी आलेल्या पार्सलवरचा पत्ता कात्रीने कापून बंबात टाकतात, मग पार्सल उघडतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे आम्हांला ते काठीशिवाय चालायला लागल्यावर कळलं. मेव्हणी म्हणते, "लग्नाला पस्तीस वर्सं झाली, पन ह्यांना कुठली भाजी आवडती ते मला अजून ठावं न्हाई."

मोतीबिंदूनंतर नेम चुकायला लागला तेव्हा त्यांनी बंदूक विकायला काढली. एका शेतीच्या साप्ताहिकात जाहिरात दिली, तीत नाव नाही, गाव नाही, फोन नाही, नुसता टपालपेटीचा क्रमांक. पत्र पाठवणाऱ्याला उलट टपाली एक सूचनापत्र जाई: परवान्याची झेरॉक्स पाठवावी, नाव, फोटो, पत्ता कागद चिकटवून झाकावा, नंबर, जिल्हा आणि मुदत उघडी ठेवावी, चौकशी झाल्यावर झेरॉक्स रजिस्टर टपालाने परत मिळेल. मेढ्याकडच्या एकाने बंदूक कुरियरने मागवली, तेव्हा तेवढे ते चिडले. "आवं, बंदूक म्हंजी काय पापडाचा डबा हाय व्हय? मानसानं सोता यायचं, ठान्यात नोंद करायची, मग हात लावायचा." त्या माणसाचं नाव मात्र त्यांनी आम्हांला सांगितलं नाही.

ती बंदूक मला हवी होती. डुकरं मारायला नव्हे, पुढच्या पंगतीत खांद्याला लावून जायला. साडूंकडे तोंडाने मागणं जिवावर आलं, म्हणून मी एका स्टेशनरीवाल्या मित्राच्या दुकानाचा पत्ता देऊन पत्र टाकलं. झेरॉक्सवर सूचनेप्रमाणे नाव, फोटो, पत्ता झाकला आणि त्याच कागदाची पट्टी जरा खाली ओढून मुदतही झाकली. एवढा गुप्ततेचा भक्त माणूस, त्याला हे आवडेलच, असा माझा हिशेब होता.

आठ दिवसांनी साडू अचानक सांगलीला आमच्या दारात. बायकोने चहा ठेवला आणि विचारलं, "दाजी, इकडं कसं काय येणं केलं?"

"एका गिऱ्हाइकाच्या परवान्याची चौकशी हुती हितल्या हापिसात."

मी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. बायकोने विचारलं, "मग? खरा निघाला का?"

"परवाना खरा हाय. मुदत तेवढी संपलीया."

"अगं बाई! कोण हो मेला तो?"

साडूंनी चहाचा घोट घेतला, बशी पुसल्यासारखी मोकळी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते न्हाई सांगता यायचं, सुमन. गिऱ्हाईक हाय."

चार दिवसांनी मित्राच्या दुकानात रजिस्टर पाकीट आलं. आत माझी झेरॉक्स होती, पट्टी होती तशी चिकटलेली, आणि एक चिठ्ठी: "नूतनीकरण करून घ्यावे. सहा महिने बंदूक दुसऱ्यास देणार नाही. मुदत झाकू नये."

सहा महिने ते थांबले. एकजण फलटणहून दोनदा येऊन गेला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मेव्हणी वैतागली, तरी त्यांचं एकच, एक गिऱ्हाईक कागद करतंय. आणि मी ते कागद केलेच नाहीत. अर्ज भरायला बसलो की वाटे, हा अर्ज म्हणजे मी खोटं बोललो होतो याची कबुलीच. पेनाला टोपण लावून मी उठत असे.

बंदूक गेली. परवा सासुरवाडीला जावळाचं जेवण होतं. मेव्हण्याने मला भाताचा आग्रह केला, "घ्या मास्तर, तुमी बी परवानावालं." साडू शेजारीच जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त माझ्या भातावर तूप वाढायला सांगितलं. हात धुताना मी हळूच विचारलं, "सुभेदार, बंदूक शेवटी कुणाला दिली?"

"कागद बराबर हुतं त्याला."

त्या अनोळखी माणसाचा मला अजून हेवा वाटतो, आणि तो बंदुकीसाठी नाही. साडूंच्या पोटात त्याचंही नाव माझ्या नावाशेजारीच असेल. फक्त त्याच्यासाठी त्यांना मान खाली घालून जेवावं लागत नाही.