आफ्रिकेतली सुपारी

आर्णीत त्या काळी मोटर बाळगणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यांच्यातही स्वतः मोटर चालवणारा कोणी नव्हता. मालक मागे बसायचा, ड्रायव्हर पुढे. माझे बाबा जिनिंग फॅक्टरीत हेडक्लार्क होते आणि सायकलवरून उतरायला त्यांना एखादा ओटा किंवा मोठा दगड लागायचा. ते आफ्रिकेत जाऊन स्वतः मोटर चालवणार असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा कोणाला हसू आलं नाही, याचं मला आज नवल वाटतं.

हे ठरवलं मावशीनं. आईची ही धाकटी बहीण लग्न होऊन मारेगावला गेली आणि वर्ष व्हायच्या आत तिथून नवऱ्यासोबत थेट नैरोबीला. काका तिथे आपल्याकडच्या मुलांच्या शाळेत मास्तर होते. तेव्हापासून दोघी बहिणींची गाठ नव्हती. मावशीचं पत्र आलं की आई ते बाबांकडून मोठ्यानं वाचून घ्यायची, आणि संपलं की म्हणायची, "आता पहिल्यापासून." बाबा कुरकुरत का होईना, पण वाचायचे.

साठ साल उलटल्यावरची ही गोष्ट. एका पत्रात मावशीनं लिहिलं की तुम्ही सगळे या. मोटर आमची आहे, पण यांची पाठ दुखते, लांबचं चालवणं होत नाही, तेव्हा भाऊजींनी चालवावी. आधी जंगलात सिंह पाहू, मग मोंबासाला समुद्रावर आठ दिवस राहू. इकडे अशा प्रवासाला सफारी म्हणतात.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. माझं भूगोलाचं पुस्तक जप्त झालं. बाबा नकाशावर बोट ठेवून आईला समजावत, "इथून यवतमाळ, यवतमाळहून धामणगावले रेल्वे पकडायची, ममईले उतरायचं, अन् तिथून बोट." नकाशात आर्णी नव्हतीच, यवतमाळही नव्हतं, म्हणून बाबांनी शाईचा एक ठिपका स्वतःच दिला. तो वऱ्हाडापेक्षा मोठा झाला. पुढे शाळेत त्या ठिपक्यापायी मी बोलणी खाल्ली.

माझी थोरली बहीण, आमची ताई, अठराची होती. तिला सिंहाशी कर्तव्य नव्हतं, समुद्राची मात्र मोठी काळजी. समुद्रात शिरायचं ते लुगडं नेसून की कसं, आणि ओलं झाल्यावर बदलायचं कुठे, हे तिनं इतक्यांदा विचारलं की बाबा म्हणाले, "तू काठावर बसून पाय बुडव अन् घरी ये."

आई यातल्या कशातच पडली नाही. ती कुरड्या करत होती. मावशीला आवडतात म्हणून सरगुंडे केले. गव्हाची कणीक काडीवर गुंडाळून वाळवायची, मोठं चिकट काम. तिखट कुटलं, तेही मावशीच्या बेताचं, म्हणजे आम्हा इतरांच्या डोळ्यांतून पाणी काढणारं. बाबा म्हणाले, "अवो, आपण सिंह पाहाले जाऊन राह्यलो, दुकान टाकाले नाही." आई म्हणाली, "तुम्ही सिंह पाहा. मले माह्या बहिणीले पाहाचं आहे." तिला खरोखर दुसरं काही नको होतं. वाळवणावर राखण करता करता ती रस्त्याकडे अशी बघायची की जणू मावशी कोपऱ्यावरच उभी आहे.

आई, ताई आणि मी धरून घरात चौथी बाईमाणूस म्हणजे आत्या. बाबांची मोठी बहीण. ती एका कानानं कमी ऐकायची आणि दुसऱ्यानं तिला हवं तेच ऐकायची. तिनं बाबांना विचारलं, "सिंह आडवा आला त?"

"काच वर करायची, अक्का."

"अन् काच नसली त?"

"मंग तुम्ही पुढं बसा."

आता बाबांनी मोटर शिकणं आलं. जिनिंगच्या मालकाकडे लष्कराच्या लिलावातली एक जीप होती. कापसाचा हंगाम सरला होता, जिनाचं आवार मोकळं पडलं होतं. मालकाचा ड्रायव्हर शिकवायला तयार झाला. बाबा धोतर सोडून पायजमा घालून गेले, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं. आम्ही सगळ्या भिंतीशी उभ्या. पहिले दोन दिवस जीप जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी हलली ती थांबेना. बाबांचं अर्धं आयुष्य आजोबांच्या बैलगाडीत गेलेलं. पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीशी ओढायला लागले आणि ओरडले, "हो... हो... हो रे बाप्पा!" जीप सरकीच्या ढिगात शिरली आणि तिथेच विसावली. ड्रायव्हर शेजारी बसल्या बसल्या शांतपणे म्हणाला, "बाबूजी, ये बोलने से नहीं रुकती."

पण बाबा हटले नाहीत. महिन्याभरात ते आवारातून सरळ जायला आणि डावीकडे वळायला शिकले. उजवीकडे वळायचं असलं की तीनदा डावीकडे वळायचे. आफ्रिकेत जागा पुष्कळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

इकडे घोटाळा वेगळाच झाला. आमच्याकडे लग्न जमलं की सुपारी फोडतात. चार माणसांसमोर सुपारी फुटली की दिलेला शब्द पक्का, मग माघार नाही. आत्यानं सफारी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. सुपारी मात्र तिनं नको तितक्या ऐकल्या होत्या. मावशीनं आपल्याला सुपारीला बोलावलंय, आणि घरात लग्नाची पोरगी एकच आहे, एवढं दोन अधिक दोन तिनं केलं आणि अरुणावतीच्या घाटावर धुणं धुता धुता सांगून मोकळी झाली. बाजाराच्या दिवशी सगळ्या आर्णीला ठाऊक होतं की हेडक्लार्कच्या मोठीची सुपारी आफ्रिकेत फुटणार. मुलगा काय करतो, याचंही उत्तर कोणीतरी देऊन टाकलं. मुलगा सिंहांच्या खात्यात मोठा साहेब आहे.

फुलसावंगीहून बाबांचे चुलतभाऊ आले ते उंबऱ्याबाहेरच बसले. पाणी दिलं तर घेईनात.

"आमाले सुपारीले नाही बोलावलं. आमी काय मेलो का?"

"अरे, सुपारी नाही, सफारी," बाबा म्हणाले.

"थेच त म्हणून राह्यलो मी."

"सफारी म्हणजे प्रवास."

"आता एवढ्या दूर जाऊन सुपारी फोडाची म्हणजे प्रवास होईनच ना. पण भावाले सांगाले काय झालतं?"

बाबांनी कपाळाला हात लावला. ताई आत रडत होती. मुलगा नाही म्हणून रडत होती की गावभर झालं म्हणून, ते मला कळलं नाही. मी मात्र मजेत होते. सिंहांच्या खात्यातला मेहुणा मला पसंत होता.

आणि मग सगळ्यावर पाणी पडलं. बोटीनं जाऊन यायचं म्हणजे दोनेक महिन्यांची रजा हवी. जिनिंगचा मालक भला माणूस होता, त्यानं जीप दिली होती, पण एवढी रजा देणं त्याला शक्य नव्हतं. पासपोर्टाचं घोडंही कुठेतरी अडलं होतं. बाबा घरी आले आणि पायजमा घडी करून ठेवला. आईनं कुरड्यांचे डबे माळ्यावर चढवले. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता एकदम म्हणाली, "तिचा चेहरा आठवाले गेली की आता मले आईचाच आठवते." आईची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. बाबा उठून बाहेर गेले. मलाही तिथे बसवेना.

नकार मावशीला कळवायचं बाबांच्या जिवावर आलं होतं, म्हणून पत्र राहून गेलं. राहिलं तेच बरं झालं. कारण सुपारीची बातमी फिरत फिरत मारेगावला पोचली होती, मावशीच्या सासूबाईंपर्यंत. या बाईंचा दरारा असा की नैरोबीतला मुलगा त्यांचं पत्र उभं राहून वाचायचा म्हणे. त्यांनी मुलाला लिहवून पाठवलं की तुझ्या बायकोच्या भाचीची सुपारी तिकडे परमुलखात फुटते आणि मला बाजारात कळतं? सुपारी फुटेल ती आर्णीलाच, चार माणसांत. सुनेला ताबडतोब पाठव.

मावशी एवढी वर्षं माहेरी जायचं काढायची आणि काका दर वेळी म्हणायचे, पुढच्या वर्षी. आता त्यांच्या आईचा हुकूम आला, तसं पुढचं वर्ष गुंडाळून ठेवलं गेलं. ओळखीचं एक कुटुंब बोटीनं मुंबईला येत होतं, त्यांच्यासोबत मावशी निघाली. आम्हाला कळलं ते मुंबईहून तार आली तेव्हा.

यवतमाळच्या बसमधून ती उतरली तेव्हा आई पुढे झालीच नाही. पदर तोंडाशी धरून जागच्या जागी उभी राहिली. मावशीच आली आणि म्हणाली, "बाई, जाड झालीस वं तू." मग दोघी भर स्टँडवर अशा रडल्या की कंडक्टरनं विचारलं, कोणाघरी मयत झाली काय.

घरी आल्यावर आईला पहिली आठवण झाली ती सुपारीची. ती घाबरून म्हणाली, "अवं, पण इथं सुपारी नाही कोणाची. ते समदं अक्काचं ऐकण्यातलं आहे."

"मले माहीत होतं," मावशी म्हणाली. "सफारी म्हणून मीच त लिहिलतं."

"मंग सासूबाईले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त मले येऊ देल्लं असतं काय? बहिणीले भेटाचं म्हटलं त पुढच्या वर्षी. सुपारी म्हटलं त लगेच बोट."

दोन दिवसांनी सासूबाई मारेगावहून नारळ आणि खणाचं कापड घेऊन हजर. आम्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली. तेव्हा आत्या पुढे सरसावली. जिनं हे सगळं उभं केलं होतं, तिनं ते एका वाक्यात आडवं केलं, "पत्रिका नाही जमली. एकनाड निघाली."

सासूबाईंनी नारळ खाली ठेवला. "बरं झालं आधीच समजलं. सिंहांत राह्यणाऱ्याचा काय भरोसा?" असं म्हणून त्यांनी खण ताईलाच दिला, जेवून गेल्या आणि सुनेला महिनाभर राहू द्या म्हणून स्वतःच सांगून गेल्या.

तो महिना आमच्या घरात सण होता. एका दुपारी दोघी बहिणी अंगणात चिंच फोडत बसल्या होत्या आणि मी त्यांच्यात घुसले होते. मी मावशीला विचारलं की सिंह केवढा असतो. ती म्हणाली, मोठा असतो. मी विचारलं, मोटरीतून किती जवळ दिसतो. तिनं चिंचोका बाजूला टाकला.

"मी नाही पाह्यला."

आईनं मान वर केली. "अन् समुद्र?"

"बोटीतून पाह्यला. तिकडं मोंबासाले कधी गेलीच नाही. ह्यांचं घर, शाळा, अन् पुन्हा घर. पाठ दुखते म्हणून नाही वं, ह्यांले आवडच नाही. मी म्हटलं, तुम्ही आले त पाहुण्यांसाठी ह्यांले निघाच लागन. माहंही पाहून होईन."

आई आणखी जोरात चिंच फोडायला लागली. मला वाटलं आता पुन्हा रडारड होते. पण ती रडली नाही. चांगलीच चिडली होती. संध्याकाळी बाबा कामावरून आल्यावर तिनं त्यांना कपडेही बदलू दिले नाहीत.

"हिच्या घरी पत्र लिहा. आम्ही पुढच्या वर्षी नक्की येऊन राह्यलो. पण आम्ही नवखे माणसं. रस्ता कसा आहे, जंगलात उतराचं कुठं, समुद्रावर खोली कशी भेटते, हे आधी जाऊन पाहून ठेवा. अन् बायकांच्या सोयीचं तुम्हाले समजणार नाही, म्हून हिले सोबत न्या."

"पण आपलं जाणं होईन का?" बाबांनी विचारलं.

"लिहा तुम्ही."

बाबांनी लिहिलं. हेडक्लार्कचंच पत्र ते, त्याला नाही म्हणायची काकांची टाप नव्हती. वर्षभरानं मावशीचं उत्तर आलं. सिंह पाहिला, मोंबासाला पाच दिवस राहिलो, समुद्रात गुडघ्यापर्यंत गेले, ह्यांनाही आवडलं पण कबूल करत नाहीत. बाबांनी मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "आता पहिल्यापासून." मग म्हणाली, "लिहा. यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. तोवर दुसरा रस्ता पाहून ठेवा."

आम्ही आफ्रिकेला कधीच गेलो नाही. पण दर वर्षी जायचं ठरवत राहिलो, आणि दर वर्षी मावशी रस्ता पाहून येत राहिली.