बाबांच्या नावावर घेतलेली रजा

घरी हे कुणालाच माहीत नाही. बायकोला नाही, दादाला नाही. आज लिहितो.

"कितने बाप हैं तेरे?"

दुबईला जबल अलीतल्या आमच्या कंपनीत, टेबलापलीकडून मॅनेजरनं मला विचारलं. दार उघडं होतं. बाहेर ऑफिसातली माणसं बसलेली. आधी एक हसला, मग सगळेच. आदल्या दिवशी गावी माझे वडील वारले होते. आणि कंपनीच्या फायलीत ते तीन वर्षांपूर्वीच मेलेले होते.

मारलं मीच होतं.

मी टाइम ऑफिसात कारकून. बसायचो ऑफिसात, पण करार लेबरचा, झोपायचं कामगारांच्या कॅम्पात. कुणाची किती हजेरी, कुणाची कुठली रजा पगारी, कुणाची बिनपगारी, हे बसवणं माझं काम. नियम तोंडपाठ. आई किंवा बाप मेला तर पाच दिवस पगारी. मूल झालं तर? लेबरला काही नाही. स्टाफच्या करारात मात्र तशी एक ओळ होती. मॅनेजर मुंबईचे, बायको तिथेच दुबईत. त्यांना मुलगा झाला तेव्हा ते आठवडाभर घरी राहिले. तो आठवडा पूर्ण पगारी मीच धरला. कारण टाइप केलं : पत्नीचे बाळंतपण. त्यांचा पेढाही खाल्ला.

माझ्या बायकोचे दिवस भरत आले तेव्हा मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. आधीचं मूल पोटातच गेलेलं. ती घाबरलेली. मी म्हणालो, पगार कापा, नुसतं सोडा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा, त्यांनी सोडल्याशिवाय हलता येत नव्हतं.

"बच्चा बीवी पैदा करेगी," ते म्हणाले. "तू वहाँ जाके क्या करेगा? पानी गरम करेगा?"

कॅम्पात सगळ्यांना वाट माहीत होती. जन्माला सोडत नाहीत, मरणाला सोडतात. मग गावाहून कुणीतरी मेल्याचा फॅक्स मागवायचा. गुहागरचा एक जण म्हणायचा, "माझी सासू दोनदा मेलीय, अजून मासे तळून घालते." पण पगारी रजा फक्त आईबापाची.

बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले.

"अरे, मग मला मार की. मी काय तेवढ्यानं मरतोय? बाळंतपणात बाप जवळ हवा. घरात बोलू नकोस फक्त, तुझी आई अपशकुन धरील."

महाडच्या एसटीडी बूथवर जाऊन स्वतःच्या मरणाचा फॅक्स त्यांनी स्वतः पाठवला.

मुलगी झाली. मी दवाखान्याच्या दारात होतो. बायको शुद्धीवर आली तेव्हा समोर होतो.

परतताना मुंबईत, विमानतळाजवळच्या सलूनमध्ये बसलो. बाप मेलेला माणूस डोक्यावर केस घेऊन आला तर कोण विश्वास ठेवील? न्हाव्यानं विचारलं, "कोण गेलं?"

"वडील."

पहाटेच त्यांनी मला एसटीत बसवून दिलं होतं. खिडकीतून पाण्याची बाटली दिली होती.

आईनं बर्फी दिली होती, खोलीतल्या पोरांना वाटायला. खोलीत फोरमनचा भाचा राहायचा. सुतकातला माणूस बर्फी कशी वाटणार? कॅम्पाच्या कचऱ्यात टाकली. लोक येऊन खांद्यावर हात ठेवत होते. भोवती एवढी माणसं, आणि मी बाप झालो हे एकालाही सांगता आलं नाही. तसं एकटं मला पुन्हा कधी वाटलं नाही. नाही, वाटलं. तीन वर्षांनी वाटलं.

तर तो दिवस. हसून झाल्यावर मॅनेजर मऊ झाले. मला तेच जास्त लागलं. फॉर्म पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

"चल, चाचा लिख दे. बिना पगार छोड़ता हूँ. खलास."

काका लिहिलं असतं तर दहाव्याला पोचलो असतो. पेन उचललं. बाबांना एकदा मारलं होतं. आता ते खरोखर गेले, तर त्यांना बापपणातूनही काढायचं?

पेन खाली ठेवलं.

"नहीं साब. बाप एक ही है, कल गया. तीन साल पहले मेरी बेटी हुई थी. बच्चे की छुट्टी आपको थी, मुझे नहीं थी. इसलिए उनको मारा. आज बाप ही लिखूँगा."

त्यांनी फॉर्म ओढून घेतला.

"तो मत जा," ते म्हणाले. मागचे पाच दिवसही माझ्या पगारातून कापायला सांगितले. ते मीच कापले.

संध्याकाळी कॅम्पाच्या फोनच्या रांगेत उभा राहिलो. दादाचा आवाज बसला होता.

"अग्नी मी दिला. दहाव्याला तरी येतोस ना?"

"रजा देत नाहीत."

"बाप मेल्यावर? असा कुठला साहेब असतो रे? ओव्हरटाइम बुडतो म्हणून सांग की सरळ."

मागचा माणूस म्हणाला, "यल्ला भाई, जल्दी." मी फोन ठेवला.

त्यानंतर कुणी माझ्याकडे फॅक्स आणला की मी विचारायचो, "खरं काय ते सांग." तो मान खाली घालून म्हणायचा, "पोरगा झालाय, भाऊ." मी तेच टाइप करायचो. मूल झाले. बापाला रजा हवी. मॅनेजर फॉर्म फेकायचे, मी दुसरा टाइप करायचो. काही जण माझ्यावर चिडले. खोटं बोलून निदान घरी तरी गेलो असतो, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. पण जन्माची रजा जन्माच्या नावानंच मागायची, मिळेपर्यंत मागायची. त्यासाठी पुन्हा कुणाचं मढं काढायचं नाही. मी तिथे होतो तोवर काढलं नाही.

दादा अजून कामापुरतंच बोलतो. पैशांच्या लोभानं मी आलो नाही असं तो समजतो. मुलीला वाटतं, तिच्या जन्माला तिचा बाप साधी रजा टाकून आला. खरं काय ते मी दोघांचं देणं लागतो. या दिवाळीत दोघांना समोर बसवून सांगणार आहे.